राळेगणची शाळा, पुण्याचा रेडिओ आणि पाथर्डीची परीक्षा



राळेगणसिद्धीला जाणारा माणूस बहुधा पाणी बघायला जातो. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणला वळायचे, गावात शिरायचे, यादवबाबांच्या मंदिरात हात जोडायचे आणि मग नालाबांध, पाझर तलाव, टेकडीवरची झाडे असे बघत फिरायचे. आमचे महिला मंडळही दोनदा असेच फिरून आले आहे. माझे लक्ष मात्र तिथल्या शाळेकडे जास्त असते. या शाळेने एके काळी जी मुले मागून घेतली, ती दुसरीकडे कोणाला नको होती. ती नापास झालेली मुले होती.

आधी थोडा जुना हिशेब. राळेगणला पहिली रीतसर शाळा १९३२ साली आली, एका खोलीची. तीस वर्षांनी, १९६२ मध्ये, गावकऱ्यांनी श्रमदानाने आणखी खोल्या बांधल्या. १९७१ मध्ये गावची वस्ती बाराशेच्या आसपास होती आणि त्यांत लिहिता-वाचता येणाऱ्या बायका होत्या ७२. पुरुष २९०. मुलगे पुढे शिकायला शिरूरला नाहीतर पारनेरला जायचे. मुलींचे शिक्षण गावची शाळा संपली की संपायचे. म्हणजे मुलीला आठवीचे गणित यावे की नाही, हे तिच्या बुद्धीवर नव्हे तर शिरूरच्या अंतरावर ठरायचे. दुरून शिकवण्याची साधने कशासाठी हवीत, याचे याहून सोपे उत्तर मला माहीत नाही.

१९७५ मध्ये किसन बाबुराव हजारे, म्हणजे आपले अण्णा, लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले. १९७६ मध्ये गावात बालवाडीची सुरुवात झाली आणि १९७९ मध्ये हायस्कूलची. १९७९ मध्ये संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ नोंदले गेले. पुढे वसतिगृह झाले आणि तिथे बाहेरगावची नापास मुले घ्यायला सुरुवात झाली. इतर शाळा टक्केवारी बघून प्रवेश देतात, इथे घसरलेल्या मुलाला आधी जागा.

यातली मेख अशी की त्या मुलांकडे पुस्तक नव्हते म्हणून ती नापास झाली नव्हती. पुस्तक होते, मास्तर होते, काहींना शिकवणीसुद्धा असेल. नव्हता तो नेम. पहाटे उठवणारे कोणी, वेळेवर जेवायला बसवणारे कोणी, आज काय केलेस हे विचारणारे कोणी. राळेगणने ते पुरवले. फळ्यावरचा अभ्यासक्रम तोच ठेवला आणि फळ्याभोवतीचा दिवस बदलला.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावातल्या दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याची हकीकत अण्णांनी स्वतः लपवलेली नाही, आणि कौतुकाने सांगणारेही पुष्कळ भेटतात. मला ती कधी पटली नाही. आपल्या घरात कांदा-बटाटा चिरताना सुद्धा जीवाचा विचार शिकवला जातो, तिथे माणसाला मारून सुधारणे कसे पटावे? समोरासमोरच्या शिक्षणाचे गोडवे गाताना ही बाजूही लक्षात ठेवावी. आमच्या पिढीने छड्या खाल्ल्या आहेत. मोबाईलच्या पडद्यातून छडी बाहेर येत नाही, एवढे पुण्य त्याच्या खात्यावर जमा करावेच लागेल.

अण्णा स्वतः पाणलोटाचे काम कुठे शिकले? पुरंदर तालुक्यात. नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर काम उभे केले होते. ते इंजिनिअर आणि कारखानदार. दुष्काळी कामावरचे लोक बघून त्यांना वाटले की हे हात खडी फोडण्याऐवजी पाणी अडवायला लागले पाहिजेत. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम मला फार आवडतो. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचे नाही, घरातल्या डोक्यांवर वाटायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा. अण्णांनी ते काम जाऊन पाहिले आणि परत येऊन गावचा गळका पाझर तलाव दुरुस्त करायला घेतला. नंतर हिवरे बाजारचे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि त्यांच्यापुढे राळेगणचा नमुना होता. सासवडकडून राळेगण, राळेगणहून हिवरे बाजार, अशी ही विद्या आपल्या डोळ्यांदेखत तीन गावे चालत गेली. तिला पाठ्यपुस्तक नव्हते. जाऊन बघायचे, बांधावर उभे राहून विचारायचे, घरी येऊन करून बघायचे.

इतके वाचून कोणी म्हणेल, ही बाई आता ऑनलाइनला नावे ठेवणार. तसे नाही. आमच्या मंडळात गेली चार-पाच वर्षे एकच वाद चालू आहे, मुलांची धार्मिक पाठशाळा मोबाईलवर चालू ठेवायची की पुन्हा फक्त स्थानकात भरवायची. मोबाईलवर ठेवली तर इथली मुले गादीवर लोळत ऐकतात. स्थानकात भरवली तर बंगळुरू, दुबई, न्यू जर्सीला गेलेल्या आपल्याच लेकी-सुनांची मुले तुटतात, आणि त्या मुलांना जवळपास दुसरे स्थानक नाही. दोन्ही बाजूंना खरे नुकसान आहे. म्हणून मी जुनी उदाहरणे शोधत बसले, आणि ती फार लांब नाही, आपल्या जिल्ह्यातच सापडली.

पहिले उदाहरण १९५६ चे. त्या वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ‘रेडिओ शेती मंडळा’चा एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे, त्यांत सुमारे दीडशे गावे. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे एक मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम. शेती, जनावरे, आरोग्य, गावचा कारभार असे विषय. गावच्या रेडिओभोवती सगळे बसायचे, ऐकायचे आणि रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू व्हायचे. ऐकलेल्यावर चर्चा. हे आपल्याकडे जमेल का? खर्च कोण करणार? मग मंडळाचा चालक झालेल्या चर्चेचे टिपण आणि उरलेले प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचा आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे यायची. कल्पना मूळची कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची होती, पण आपल्या पारावर ती चांगली बसली. पारावर बसून बोलणे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तिचा अहवाल लिहिला. तपासणीची रीत बघून माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी खूष झाली, कारण तिच्यात ताळा पडताळायची सोय होती. मंडळे असलेली गावे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नाही अशीही गावे. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांत माहिती भरभर वाढलेली दिसली. मंडळ नसलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही, मग तिथे रेडिओ असो की नसो.

मैत्रिणींनो, हे वाक्य मी दोनदा वाचले. सत्तर वर्षांपूर्वी, आपल्याच जिल्ह्यात धरून, हे मोजून झाले होते. यंत्र गावात येऊन काही होत नाही. यंत्राभोवती बसणारे वीस जण, त्यांच्यातला एक लिहिणारा, आणि त्याने पाठवलेल्या प्रश्नाला येणारे उत्तर या तिघांनी मिळून शिक्षण होते.

अर्थात त्या पारावर बायका नव्हत्या म्हटले तरी चालेल. मंडळे जवळजवळ पुरुषांचीच होती. आणि १९५९ पासून हीच योजना देशभर नेली तेव्हा तिची चमक हळूहळू गेली. माझे मत विचाराल तर ट्रान्झिस्टरने तिचा घात केला. गावात एकच रेडिओ होता तोवर सगळे एकत्र बसले. प्रत्येकाच्या खांद्यावर आपापला ट्रान्झिस्टर आला आणि एकत्र बसायचे कारणच उरले नाही. हेच पुढे टीव्हीचे झाले आणि आता मोबाईलचे झाले आहे.

दुसरे उदाहरण त्याहून जुने आणि आपल्या घरातले. पाथर्डीचे बोर्ड! आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या बऱ्याच जणींनी त्याच्या परीक्षा दिल्या असतील. पूर्ण नाव श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड, स्थापना १९३६. प्रेरणा आचार्य आनंदऋषीजी महाराजांची. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचा हा मुलगा, १९१३ मध्ये तेराव्या वर्षी मिरीला दीक्षा घेतलेला. गुरू रत्नऋषीजी, गुरूंचे गुरू तिलोकऋषीजी, म्हणून बोर्डाला दोघांचे नाव. पुढे १९६४ मध्ये ते श्रमण संघाचे आचार्य झाले, पण मला त्यांचे सगळ्यांत मोठे काम हे बोर्डच वाटते.

कारण बघा. आपले साधू-साध्वी एका जागी राहत नाहीत. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर पायी विहार. मग गावातल्या श्रावकाच्या मुलाने शिकायचे कधी आणि कोणाजवळ? महाराज आले तेव्हा चार बोल शिकला, महाराज गेले की पाटी कोरी. बोर्डाने यावर तोडगा काढला. अभ्यासक्रम ठरवला, पायऱ्या पाडल्या, पुस्तके नेमली, गावोगावच्या संघांत परीक्षा ठेवल्या. खालच्या पायरीवर सामायिक, प्रतिक्रमण, पच्चीस बोल, आणि वर चढत चढत थेट ‘जैन सिद्धांताचार्य’पर्यंत. गुरू बदलले, गाव बदलले तरी शिकणारा आपल्या पायरीवरून पुढे चालू शकत होता. यालाच हल्ली काहीतरी मोठे इंग्रजी नाव देतात.

याचा सर्वांत मोठा फायदा झाला साध्वींना. कॉलेजच्या बाकावर बसणे त्यांच्या आचारात बसणारे नव्हते आणि विहारामुळे एका संस्थेत राहणेही शक्य नव्हते. पण परीक्षा वाटेवरच्या गावात देता येत होती. कितीतरी महासतीजींच्या परिचयात तुम्ही वाचले असेल, ‘पाथर्डी बोर्डाच्या जैन सिद्धांताचार्य’. प्राकृत-संस्कृत हा पंडितांचा प्रांत होता, तो त्यांनी पायी चालत, पोथी पाठीवर घेऊन जिंकला. संसारातल्या बायकांचेही तेच. माझ्या सासूबाईंचे शाळेचे शिक्षण चौथीपर्यंत. पण बोर्डाच्या तीन परीक्षा त्यांनी लग्नानंतर दिल्या. दुपारी घरातली माणसे दुकानावर गेली की चुलीशेजारी भिंतीला टेकून थोकडे पाठ करायच्या. परीक्षेच्या दिवशी स्थानकात जाऊन सतरंजीवर बसून पेपर लिहिला, असे सांगताना त्यांचा चेहरा मॅट्रिक झालेल्या मुलीसारखा व्हायचा. प्रमाणपत्रे ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवलेली होती.

पण इथेही नीट बघा. पुस्तक आणि परीक्षा पाथर्डीहून आली, तरी शिकवणारे कोणीतरी गावातच होते. कुठे पाठशाळेचे अध्यापक, कुठे चातुर्मासाला आलेल्या महासतीजी, सासूबाईंच्या बाबतीत त्यांची मोठी जाऊ. ऐकून घ्यायला, चुकलेला उच्चार थांबवायला, ‘परत म्हणा’ सांगायला माणूस होताच.

आता कोणी म्हणेल की धर्मात नवी साधने कशाला? तर आपल्या परंपरेत साधनांचा वाद नवीन नाही, फार जुना आहे. मुळात आगम लिहिलेलेच नव्हते. गुरूने म्हणायचे, शिष्याने ऐकून धारण करायचे, म्हणूनच ते ‘श्रुत’. साधूने पोथ्या बाळगणे हा परिग्रह मानला जाई. त्या काळात ग्रंथ हे ‘नवे साधन’ होते आणि शंकास्पदही होते. दुष्काळ पडले, श्रुतधर मुनी एकेक करून गेले, पाठ विसरले जाऊ लागले. तेव्हा भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ९८० वर्षांनी वल्लभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम लिपिबद्ध करवले. कल्पना करा, तेव्हा किती चर्चा झाली असेल! लिहून ठेवले तर पाठ कोण करणार, कोणाच्याही हाती पोथी पडेल, गुरूची गरज काय राहील. हे सगळे आक्षेप मी आमच्या मंडळात मोबाईलबद्दल शब्दशः ऐकले आहेत. आणि ते सगळेच चुकीचे नव्हते. पाठांतर खरोखर कमी झालेच. पण लिहिले नसते तर आज आपल्याकडे काय उरले असते?

मग आले ध्वनिवर्धक. विजेत तेजस्कायाचे जीव मानायचे की नाही, महाराजांनी माईकवर बोलावे की नाही, यावर श्रमण संघात वर्षानुवर्षे खल झाला. आजही काही संप्रदायांत माईक चालत नाही, आवाज पोचेल तिथवरच प्रवचन. तरुण पिढीला हे हट्टाचे वाटते. मला त्यात एक शिस्त दिसते. साधन हाती घेण्याआधी याने कोणाला इजा होते आणि माझ्या व्रताचे काय होते, हे विचारायची शिस्त. असा प्रश्न मोबाईल बनवणाऱ्यांनी कधी स्वतःला विचारला असेल का, कोण जाणे.

सरकारी बाजूचा इतिहास थोडक्यात सांगते. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. दूरदर्शनवर शाळेच्या मुलांसाठी तिचे कार्यक्रम लागत, आणि त्या सुरावटीसरशी सकाळी दप्तर भरणारी पिढी आता स्वतः आई-बाप झाली आहे. २०१७ मध्ये ती संस्था बंद केली. तीनच वर्षांनी, २०२० मध्ये, टीव्हीवरून शिकवायची वेळ आली तेव्हा तिची आठवण निघाली. मोडीत काढलेले भांडे दुसऱ्या दिवशी लागते म्हणतात ते असे.

१ जुलै १९८९ ला नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, पहिले कुलगुरू राम ताकवले, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. दहावी न झालेल्या बाईलाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीची वाट मोकळी झाली. माझे बी.कॉम. त्याआधीचे, रीतसर कॉलेजात जाऊन झालेले, कारण माहेर शहरात होते. पण माझ्या दोन मैत्रिणी लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाल्या. एकीचे पहिल्या वर्षाचे पेपर आणि मुलाची दहावी एकाच उन्हाळ्यात. त्यांच्याकडे बघून मला दूरशिक्षणाला कमी लेखणे जमत नाही. राळेगणच्या त्या ७२ बायकांच्या पिढीला हे मिळाले असते तर, असे मात्र वाटते.

मग २०२० चा मार्च. शाळांना कुलूप लागले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी मोहीम निघाली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ती मला मनापासून आवडली, कारण तिच्यात घरातल्या आई-आजीला बरोबर घेऊन काहीतरी करून बघायचे असायचे, नुसते बघत बसायचे नव्हते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावून घरी अभ्यास पोचवत होते, पुढे ती रीत बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. बक्षीस मिळालेल्या सगळ्या बातम्यांत मला हीच बातमी मोठी वाटली. परिग्रह-परिमाणाचा पाठ कोणी असा दिला तर पाठशाळेत वेगळा शिकवायला नको.

पण आकडेही बघावेत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो ६१.८ टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत एवढी वाढ! तरीही त्या पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास पोचला होता फक्त सुमारे एक तृतीयांश मुलांना. आणि तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ झाले. घरात यंत्र वाढले, वाचणारी मुले घटली. १९५६ च्या अहवालात जे लिहिले होते तेच इथे पुन्हा दिसले.

हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. गाव कोरोनामुक्त करून २०२१ च्या जूनमध्ये गावानेच शाळा प्रत्यक्ष भरवायला सुरुवात केली, बाकी राज्य अजून पडद्यावर असताना. राळेगणच्या शिष्याला शोभेल असेच.

आमची पाठशाळा त्या चातुर्मासात मोबाईलवर गेली. महासतीजी फोन वापरत नाहीत, म्हणून शिकवायचे काम आम्हा श्राविकांवर आले. तेव्हापासून मी एका जुन्या मापाने हे सगळे मोजत आले आहे. स्वाध्यायाचे पाच प्रकार आपल्याला पाठ आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा. वाचना, म्हणजे पाठ घेणे, मोबाईलवर छान होते. उलट मूल परत परत ऐकू शकते. जैन ई-लायब्ररीसारख्या ठिकाणी तर हजारो ग्रंथ फुकट वाचायला मिळतात, आमच्या सासूबाईंना एका थोकड्याच्या पुस्तकासाठी महिनाभर थांबावे लागायचे. धर्मकथाही होते, चित्रे दाखवून तर अधिक रंगते.

पृच्छना अर्धीच होते. समोरच्या मुलाच्या कपाळावरची आठी दिसली की आपण थांबतो. पडद्यावर पंधरा चौकोन, त्यातले नऊ काळे. परिवर्तना, म्हणजे सगळ्यांनी मिळून उजळणी, ती तर फसतेच. लोगस्स एका सुरात म्हणायला घ्या, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो, तीन ओळींत सगळा गोंधळ. शेवटी एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा, म्हणजे ती परिवर्तना राहिलीच नाही. तिक्खुत्तोचा पाठ येतो, पण तीनदा प्रदक्षिणेची क्रिया करून गुडघे टेकून वंदना घालायची कोणाला, खुर्चीवरच्या फोनला? आणि सगळ्यांत मोठी अडचण सामायिकाची. सामायिक घेतले की ४८ मिनिटे विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही. म्हणजे मोबाईलवर सामायिकाची विधी सांगता येते, पण त्या वर्गात बसून सामायिक करता येत नाही. अनुप्रेक्षेचे मी काही बोलत नाही, ती ज्याची त्याच्यापाशी.

परवा एक शेतकरी नातेवाईक पानी फाउंडेशनच्या डिजिटल शेतीशाळेबद्दल सांगत होते. शास्त्रज्ञ झूमवर येतात, शेतकरी आपापल्या पिकाचे प्रश्न विचारतात, आणि गटशेतीचे सभासद नंतर बांधावर ते मिळून करून बघतात. मी म्हटले, अहो, हे तर १९५६ चे पुण्याचे रेडिओ मंडळ! त्यांना त्याची काही कल्पना नव्हती. पण बघा, जे चालते आहे ते त्याच साच्यात चालते आहे. दुरून पाठ, जवळ गट, आणि प्रश्नाला परतीची वाट.

तेव्हा सध्या आम्ही असे ठरवले आहे. इथल्या मुलांनी रविवारी सकाळी स्थानकातच यायचे, सामायिकासह. बाहेरच्या मुलांसाठी संध्याकाळी सात वाजता मोबाईलवर पाठ, न्यू जर्सीला तेव्हा सकाळ असते. मात्र त्यांनी एकेकट्याने जोडून घ्यायचे नाही. त्या शहरातल्या दोन-तीन घरांनी एका घरी जमायचे, एका आईने वही ठेवायची, आणि पाठ संपल्यावर आपसात बोलून उरलेले प्रश्न लिहून पाठवायचे. दुबईच्या गटाला हे जमले. न्यू जर्सीची घरे लांब लांब आहेत, तिथे अजून ओढाताण चालते. आमच्यातल्या दोघींना हा सगळा व्याप फुकटचा वाटतो, आणि त्या तसे दर बैठकीत सांगतात.

गेल्या रविवारी दुबईच्या वहीतून नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न आला. विजेत जीव आहेत म्हणून सामायिकात मोबाईलला हात लावायचा नाही, तर मग बाकीच्या वेळी तुम्ही आम्हाला मोबाईलवरच का शिकवता? श्रावकाची व्रते आणि साधूची व्रते यांतला फरक सांगून वेळ मारून नेता आली असती. पण प्रश्न चांगला आहे, त्याला पुरे उत्तर हवे. महासतीजी विहारात आहेत, शिरूरहून नगरकडे येत आहेत. सुप्याला मुक्काम झाला की वही घेऊन तिथे जाणार आहे.